नवीन टाकीत पहिले मासे कोणते सोडावेत? (गोडं पाणी, ६० सेंमी टाकी)

निळाई

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही.

महिन्यापूर्वी ६० सेंमी लांब, ३० रुंद आणि ३६ उंच अशी काचेची टाकी घेतली. काठोकाठ भरली तर ६५ लिटरच्या आसपास पाणी बसतं. खाली खडी आणि वर चार बोटं मोकळी जागा धरली की ५५ लिटर. पहिल्या दिवशी पाणी भरून फिल्टर सुरू केला आणि दुसऱ्याच दिवशी दुकानातून बारा मासे आणले. "नव्या टाकीला चालतील असे टिकाऊ द्या" एवढंच मी सांगितलं होतं. मिळाले ते चार गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा आणि दोन सकर.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. पाचव्या दिवसापासून निऑन एकेक करून जायला लागले. गोल्डफिश पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळत होते, त्यांच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक दिसत होत्या. मी घाबरून सगळं पाणी काढलं, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून धुतला आणि ताजं पाणी भरलं. नवव्या दिवशी एकच गोल्डफिश उरला. तो ओळखीच्या एकांच्या मोठ्या हौदात सोडलाय, तिथे बरा आहे.

टाकी आता रिकामी आहे. माझी नऊ वर्षांची लेक रोज विचारते, पण या वेळी मला घाई करायची नाही. नवख्या माणसाच्या हातून, नव्या टाकीत, खरोखर तग धरतील असे मासे कोणते? गप्पी, मॉली, प्लॅटी, झेब्रा डॅनिओ, बेटा अशी नावं ऐकलीत. कोणते घेऊ, किती घेऊ, आणि आधी काय करू?

डोहकाठ

वाचून वाईट वाटलं, निळाई. ज्या काळजीने तुम्ही लिहिलंय, त्यावरून पुढची टाकी चांगली चालेल याची मला खात्री आहे.

ते मासे नाजूक होते म्हणून गेले, असं मनात धरू नका. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया टाकत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही तोच होतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून प्राणवायू वाहायची ताकदच काढून घेतं, म्हणजे पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात आणि आठवड्याच्या पाणीबदलात ते आटोक्यात राहतं.

नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती बसायला चार ते आठ आठवडे जातात. तुम्ही दुसऱ्या दिवशी बारा मासे सोडले, त्यात चार गोल्डफिश, म्हणजे भरपूर खाणारे आणि तेवढाच अमोनिया टाकणारे. वर जी काही थोडी वस्ती बसू लागली असेल, ती नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने धुऊन गेली. तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

आता "कणखर" या शब्दाबद्दल. आपल्या छंदात या शब्दाने फार मासे मारलेत. कणखर मासा म्हणजे जो पीएच, जडपणा आणि तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी आजारी पडत नाही, साधं खाणं खातो, पटकन बिथरत नाही. विष सोसणारा मासा, असा त्याचा अर्थ नाही. अमोनिया डॅनिओचेही कल्ले जाळतो, तो फक्त दोन दिवस उशिरा मरतो.

तेव्हा आधी तीन आकडे द्या: नळाच्या पाण्याचा पीएच, जडपणा, आणि खोलीतलं वर्षभराचं तापमान. टाकीच्या पाण्याचं नको, थेट नळाचं मोजा. भांड्यात काढून एक दिवस ठेवा आणि मग मोजा, म्हणजे खरा आकडा येतो. माशांची नावं त्यानंतर.

तळ्यातला

डोहकाठ, थोडा वेगळा अनुभव सांगतो. मी चाळीसेक वर्षं मासे पाळतोय. आमच्या वेळी टेस्ट किट वगैरे कोणाकडे नव्हतं. टाकी भरायची, दोन दिवस ठेवायची, सहा डॅनिओ सोडायचे. चार-पाच जगायचे. महिना-दीड महिन्याने बाकीचे मासे. एवढी वर्षं असंच चाललंय. नवख्या माणसाला एकदम रसायनशास्त्र शिकवलं तर तो टाकीच बंद करून टाकेल.

रानजाई

काका, सहातले चार-पाच जगायचे म्हणजे दर टाकीमागे एक-दोन जायचेच. निळाईताईंची लेक नऊ वर्षांची आहे.

सूक्ष्मदर्शी

झेब्रा डॅनिओचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी काही वर्षं एका प्रयोगशाळेत हे मासे सांभाळायचं काम केलंय.

आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत उंदराखालोखाल याच माशाचं नाव घेतलं जातं. याची अंडी मादीच्या शरीराबाहेर वाढतात आणि गर्भ पारदर्शक असतो, त्यामुळे हृदय कसं बनतं ते सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतं. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातले जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ साली या माशाचे क्लोन तयार केल्याचं प्रसिद्ध केलं आणि तिथून त्याचा खरा बोलबाला झाला. त्यांनी हा मासा निवडला त्यामागे तो सहज पाळता येतो आणि सतत अंडी देतो हेही कारण होतंच.

पण तिथे आम्ही दिवसाची सुरुवात कशाने करायचो? पाणी तपासून. तापमान २८.५ अंश, पीएच, अमोनिया, नायट्राइट, सगळ्याची नोंद. सगळ्या टाक्यांचं पाणी एका मोठ्या जैविक फिल्टरमधून फिरून यायचं. नवीन यंत्रणा बसवली की आठवडेच्या आठवडे मासे न सोडता ती नुसती चालवायची. ज्या माशाला सगळे कणखर म्हणतात त्याच्यासाठी एवढी तयारी. त्याच्या कणखरपणाचा उपयोग त्याला सुखात ठेवायला करावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि हा मासा मुळात दक्षिण आशियातल्या उथळ ओढ्यांतला, भातखाचरांतला, संथ पाण्याच्या कडांचा. ऋतूनुसार तिथलं पाणी गार-गरम होतं, गढूळ होतं, निवळतं. तापमानातला फरक तो सोसतो तो यामुळे. साचलेला अमोनिया मात्र त्या वाहत्या, उघड्या पाण्यात त्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

अबोली

सूक्ष्मदर्शी, हे फार छान सांगितलंत. वाचनखूण म्हणून धागा साठवला.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. थेंबांचं टेस्ट किट आणलं. नळाचं पाणी एक दिवस भांड्यात ठेवून मोजलं: पीएच ७.८, जडपणा १२ डिग्री. खोलीत थंडीत २२-२३ अंश, उन्हाळ्यात २९ पर्यंत जातं.

डोहकाठ, पीएच ७.८ म्हणजे जास्त का? खाली आणायला औषध मिळतं म्हणे.

डोहकाठ

औषध अजिबात नको. पाणी जड असलं की पीएच खाली ओढला तरी दोन दिवसांत परत वर जातो, आणि त्या वर-खाली होण्यानेच मासे जास्त थकतात. पाण्याला मासा शोधायचा, माशासाठी पाणी बदलत बसायचं नाही. नवख्यासाठी तरी हेच.

मात्र ७.८ चा एक अर्थ लक्षात ठेवा. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. २५ अंशांवर पीएच ७ असेल तर विषारी वाटा साधारण अर्धा टक्का. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर. तापमान वाढलं की आणखी वाढतो. म्हणजे किटवर आकडा तोच दिसला तरी तुमच्याकडे तो जास्त जाचतो. म्हणून मासे न सोडता टाकी तयार करणं तुमच्यासाठी जास्तच गरजेचं आहे.

ती कशी करायची ते सांगतो. फिल्टर चोवीस तास चालू. पाणी भरताना डिक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं औषध) घाला. नुसतं उघडं ठेवून क्लोरीन उडून जातो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते उडत नाही. मग जिवाणूंना खायला अमोनिया द्यायचा: अमोनियम क्लोराइड, ५५ लिटरला एक तृतीयांश ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे किटवर २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) दिसेल इतकं. तापमान २६ ते २८ ठेवा, या काळात मासे नाहीत, त्यामुळे चालेल. काही दिवसांनी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल. अमोनिया शून्य झाला की थोडा परत घाला. शेवटी असा दिवस येईल की २ पीपीएम घातल्यावर चोवीस तासांत अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य. त्या दिवशी टाकी तयार. मोठा पाणीबदल करून नायट्रेट उतरवा, तापमान २४ ला आणा आणि मासे घेऊन या.

तुमच्या ओळखीच्यांचा तो हौद जुना असेल आणि तिथले मासे निरोगी असतील, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. ओलाच आणायचा, टाकीच्याच पाण्यात बुडवून. तुमच्या फिल्टरमध्ये तो ठेवलात की निम्मा वेळ वाचू शकतो.

शेवाळी

जोडीला पाणवनस्पती लावा. जावा मॉस, अनुबियास, हॉर्नवर्ट. वनस्पती अमोनिया थेट शोषतात आणि माशांना आडोसा मिळतो. अनुबियासचं खोड मात्र खडीत पुरू नका, कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधा.

अबोली

पाणी कळलं, आता माशांवर बोलू. जड आणि थोडं अल्कधर्मी पाणी म्हणजे प्लॅटीचं माहेरच. मी प्लॅटीची फार चाहती आहे, त्यामुळे माझं झुकतं माप समजून घ्या.

प्लॅटी पाच-सहा सेंमीचा, गोलसर, शांत मासा. दिवसभर काचेवरचं, पानावरचं शेवाळ चोखत फिरतो. माणूस जवळ आला की काचेशी येतो, लहान मुलांना तो यामुळेच आवडतो. पिल्लं थेट जन्माला घालतो, साधारण चार आठवड्यांनी एक खेप, आणि एका खेपेत वीस-तीस पिल्लं सहज. नर-मादी ओळखणं सोपं: नराचा पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार, मादीचा पंख्यासारखा. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर नर मादीला क्षणभर उसंत देत नाही. नुसत्या माद्या आणल्या तरी पिल्लं होतील, कारण मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. दुकानातल्या माद्या बहुतेक आधीच गाभण असतात.

गप्पीला मी पूर्वी पहिला क्रमांक दिला असता. आता देत नाही. लांब रंगीत शेपटीसाठी पिढ्यानपिढ्या आतल्या आत पैदास झाल्याने बरेच गप्पी कमजोर निघतात. साधे, आखूड शेपटीचे गप्पी अजूनही चिवट आहेत, ते मिळाले तर जरूर घ्या. मॉलीला जड पाणी आवडतं, पण तो मोठा होतो, खातो जास्त, ५५ लिटरला नको.

तळ्यातला

मॉलीबद्दल सहमत. चेरी बार्बचं नाव कोणी कसं घेतलं नाही? श्रीलंकेतल्या सावलीच्या ओढ्यांतला मासा, पाच सेंमीचा. कोणाच्या अध्यात ना मध्यात. नर रंगावर आला की चेरीसारखा लालबुंद. त्याच्यासोबत दुकानात ठेवलेला टायगर बार्ब मात्र घेऊ नका. तोही तगडाच, पण दुसऱ्यांचे पर कुरतडतो. ब्लॅक स्कर्ट टेट्राही तसाच, तगडा पण थोडा खोडकर.

रानजाई

आणि हे नकोत, कितीही आग्रह झाला तरी.

गोल्डफिश: साधा गोल्डफिश २०-२५ सेंमीचा होतो, नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. तो तळ्याचा मासा आहे. सकर, म्हणजे साधा प्लेको: दुकानात बोटाएवढा, पुढे ३० सेंमीच्या वर, आणि "टाकी साफ करतो" म्हणून आणलेला हाच मासा सगळ्यात जास्त घाण करतो. निऑन टेट्रा: मऊ, आम्लधर्मी पाण्याचा, नव्या टाकीत टिकत नाही. सहा महिन्यांनीही तुमच्या पाण्यात मी आग्रह धरणार नाही. ओटो: अगदी लहान, गोजिरवाणा, पण मुरलेल्या टाकीतल्या शेवाळावर जगणारा. नव्या टाकीत उपाशी मरतो.

आणि रंग टोचलेले मासे कृपया घेऊ नका. पारदर्शक ग्लासफिशच्या अंगात सुईने रंग भरतात. त्यातले कितीतरी आधीच मरतात आणि उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. हे लिहितानाही मला त्रास होतो.

ओंजळ

बेटाचं काय? तो तर लहान भांड्यातही जगतो असं ऐकलंय.

शेवाळी

बेटाला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घ्यायचा एक अवयव असतो, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तगतो. "भांड्यात जगतो" हा समज त्यातून आला. पण अमोनियापासून तो अवयव त्याला वाचवत नाही. भांड्यातला बेटा हळूहळू झिजतो, आपल्याला ते उशिरा दिसतं. किमान २० लिटर, फिल्टर, २४ ते २८ अंश पाणी, एवढं दिलं तर एकट्या माशाची टाकी म्हणून तो उत्तम सुरुवात आहे. डॅनिओसोबत मात्र नको. त्यांच्या पळापळीने तो वैतागतो, आणि त्याच्या लांब परांना ते तोंड घालतात.

निळाई

मासे न सोडता टाकी तयार करायला घेतली, त्याचा अकरावा दिवस. हौदाच्या मालकांनी स्पंजाचा मोठा तुकडा दिला. काळपट तपकिरी, ओल्या मातीचा वास येणारा. मला आधी तो घाणेरडा वाटला असता, आता जपून आणला.

आजचे आकडे: अमोनिया ०.५, नायट्राइटची नळी गडद जांभळी, किटच्या तक्त्यावरचा शेवटचा रंग. लेकीने वहीत तारखेसमोर रंगीत खडूने तोच रंग काढलाय.

निळाई

बाविसावा दिवस. अमोनिया चोवीस तासांत शून्य होतोय, पण नायट्राइट हललेलं नाही. रोज जांभळंच. काही चुकतंय का?

डोहकाठ

काही चुकत नाहीये. नायट्राइट खाणारे जिवाणू सावकाश वाढतात, इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. अमोनिया घालणं दोन-तीन दिवस थांबवा. नायट्राइट तक्त्याच्या पलीकडे गेलं असेल तर किट सांगणार नाही. म्हणून टाकीतलं एक भाग पाणी आणि नऊ भाग डिक्लोरिनेटर घातलेलं नळाचं पाणी मिसळून मोजा, आलेल्या आकड्याला दहाने गुणा. फार जास्त असेल तर अर्धं पाणी बदला. पीएचही बघा. या कामात पाण्याचा अल्कधर्म खर्च होतो, पीएच ६.५ च्या खाली गेला तर जिवाणू मंदावतात. तुमच्या जड पाण्यात तसं व्हायची शक्यता कमी.

तळ्यातला

निळाई, धीर सोडू नकोस. तुझ्या या नोंदी वाचून मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. मी माशांच्या तारखा लिहून ठेवायचो. नव्या टाकीत पहिले सोडलेले डॅनिओ, जे "जगले" असं मी वर म्हटलं, ते बहुतेक वर्ष-दीड वर्षात गेलेत. त्याच टाक्यांत नंतर सोडलेले तीन, चार, एक तर जवळपास पाच वर्षं जगला. दोन्ही एकाच ठिकाणाहून आणलेले. हे मी कधी शेजारी-शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं.

डोहकाठ, मी माझं वरचं म्हणणं मागे घेतो. माझी एक लहान टाकी रिकामी आहे, ती या वेळी मासे न सोडता तयार करणार. अमोनियम क्लोराइड २० लिटरला किती ते सांगा.

डोहकाठ

काका, तुमच्या वहीतली ही नोंद माझ्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा मोलाची आहे. २० लिटरला ०.१२ ग्रॅम. साध्या काट्यावर एवढं मोजता येत नाही, म्हणून १.२ ग्रॅम १०० मिलिलीटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १० मिलिलीटर घाला.

निळाई

तेहतिसावा दिवस!! काल रात्री २ पीपीएम घातला. आज रात्री अमोनियाची नळी पिवळी आणि नायट्राइटची स्वच्छ आकाशी. दोन्ही शून्य. लेकीला झोपेतून उठवून दाखवलं. उद्या परत एकदा करून बघते, मग दुकानात.

पहिले झेब्रा डॅनिओ घ्यायचं ठरवलंय, सहा. दुकानात काय बघू?

अबोली

अभिनंदन! आधी माशांकडे नाही, त्यांच्या टाकीकडे बघ. एक जरी मेलेला मासा तळाला किंवा फिल्टरच्या तोंडाशी दिसला तर त्या टाकीतलं काही घ्यायचं नाही. मग पाच मिनिटं नुसती उभी राहा. पर पसरलेले हवेत, अंगाशी मिटलेले नकोत. पोट खपाटीला गेलेलं नको. कल्ल्यांची उघडझाप सारखी हवी, धापा टाकत असेल तर नको. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक नावाचा रोग, साथीसारखा पसरतो. चिमूटभर खाणं टाकायला सांग आणि सगळे धावतात का बघ. मासे कधी आले तेही विचार. कालच आले असतील तर आठवडाभराने जा, प्रवासाने मरणारे तोवर मेलेले असतात.

सूक्ष्मदर्शी

डॅनिओत नर सडपातळ, पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक. मादी पोटाला भरलेली, रुपेरी. माद्या थोड्या जास्त घ्या, पाठलाग कमी होतो. सहापेक्षा कमी अजिबात नको. दोन-तीनच असले की ते आपसात मारामारी करतात, थव्यात तो जोर वाटला जातो. आणि टाकीला झाकण हवंच, हे उडी मारतात.

घरी आणल्यावर दिवा बंद करा. पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घालत जा. शेवटी मासे जाळीने उचला, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पहिल्या दिवशी खाणं नको.

निळाई

आले! पहिल्या दुकानातून परत फिरले, कोपऱ्यात एक मेलेला मासा होता. लेकीलाच तो आधी दिसला. दुसऱ्या ठिकाणी दहा दिवसांपूर्वी आलेले डॅनिओ होते. चार माद्या, दोन नर.

सोडल्यावर पहिला तासभर सगळे हॉर्नवर्टमागे एका जागी थरथरत उभे होते. मग एक मादी बाहेर आली, टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच गेली आणि परत आडोशाला. पाचेक मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या फेरीला मागून बाकीचे पाच. फिल्टरच्या पाण्याची धार जिथे पडते तिथे ते प्रवाहाला तोंड करून उभे राहतात, मागे ढकलले जातात आणि परत पुढे येतात. ६० सेंमी लांबी का हवी ते आज कळलं.

रानजाई

किती सुंदर लिहिलंयस. खाणं कमी दे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यात एक दिवस नाही. माशाचा डोळा असतो ना, त्याच्या आकाराएवढंच पोट समज.

निळाई

मासे आल्यापासून सोळावा दिवस. अमोनिया रोज शून्य. नायट्राइट तिसऱ्या दिवशी ०.२५ दिसलं, घाबरून लगेच एक तृतीयांश पाणी बदललं, दुसऱ्या दिवसापासून शून्य. दर रविवारी एक चतुर्थांश पाणी बदलते. स्पंज बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात हलका पिळते, नळाखाली नाही. नायट्रेट २० च्या आत.

पुढचे प्लॅटी की चेरी बार्ब? आणि तळाला कोरी (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) हवेत असं लेक म्हणतेय.

डोहकाठ

तुमच्या पाण्याला प्लॅटी. एक नर, तीन माद्या, एवढेच. चेरी बार्ब आणि प्लॅटी दोन्ही या टाकीत दाटी करतील. डॅनिओ आणि प्लॅटी दोघांनाही २२ ते २५ अंश मानवतं, तेव्हा थंडीत हीटर २३ ला लावून ठेवा. उन्हाळ्यात २९ झालं तर फिल्टरची धार उंचावरून पाडा किंवा एअर पंप लावा. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच.

कोरी तीन-चार महिन्यांनी, टाकी मुरल्यावर. ते सहाच्या गटात राहतात, म्हणून जागेचा तेव्हा परत विचार करू. शिवाय मिशांनी तळ उकरत खातात, तुमची खडी टोकदार आहे का ते बघा. टोकदार असेल तर आधी बारीक वाळू घालावी लागेल.

प्लॅटी आणले की दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवता आले तर ठेवा. २० लिटरचा प्लास्टिकचा डबा आणि एक स्पंज फिल्टर पुरतो. तो स्पंज आजच मोठ्या टाकीत मागे कुठेतरी टाकून ठेवा, प्लॅटी येईपर्यंत त्यावर वस्ती बसेल.

निळाई

टाकला, हॉर्नवर्टच्या मागे. खडी टोकदारच आहे, हाताला लागते. वाळू कधी आणि कशी बदलायची ते विचारायला परत येईन.

तळ्यातला

माझ्या २० लिटरवालीचा नववा दिवस. नायट्राइटची नळी जांभळी झाली.